दगडाची मागची बाजू

मेंग दोकसू गावप्रमुखपद सोडणार ही बातमी नुतिगोल गावाला खुद्द दोकसूंनीच दिली, तीही सकाळी सहाला, भोंग्यावरून. गेली वीसेक वर्षं गावाच्या सगळ्या बातम्या अशाच यायच्या. आधी घसा खाकरल्याचा आवाज, मग "आ, आ, ऐकू येतंय ना?" आणि मग खताच्या गोण्या आल्यात, कुणाची तरी गाय सुटलीय, आज ऊन फार आहे तर म्हाताऱ्यांनी मिरचीच्या शेतात मरायला जाऊ नये, वगैरे. त्या दिवशी फवारणीची सूचना देऊन झाल्यावर ते म्हणाले, "आणि नवीन वर्षापासून दुसरा माणूस बघा. माझे गुडघे गेले." एवढं बोलून भोंगा बंद.

संध्याकाळी समाजमंदिरात, खालून तापवलेल्या फरशीवर, गाव गोळा झालं. दुसरा माणूस कोण, हा विषय निघताच प्रत्येकाला आपापल्या कंबरेचं, साखरेचं आणि सुनेच्या बाळंतपणाचं आठवलं. मग महिला मंडळाच्या अध्यक्षा बोंग काकूंनी विषय बदलला. त्या म्हणाल्या, "माणूस नंतर बघू. आधी जाणाऱ्याचा मान करू. एवढी वर्षं राबलाय बिचारा." यावर मात्र सगळ्यांच्या कंबरा सरळ झाल्या.

काचेची मानपाटी द्यावी असं एकानं सुचवलं. पण काचेच्या मानपाट्या गावात घरटी चार-चार आहेत. बोंग काकूंच्या घरी तर त्यांच्यावर मुळ्याची पानं वाळत घालतात. मग युवक मंडळाचा अध्यक्ष छांगिल उठला. छांगिल एकसष्ट वर्षांचा आहे. गावात त्याच्याहून तरुण असं कुणी फारसं नसल्यामुळं तो अध्यक्षपद सोडू शकत नाही. तो म्हणाला, "खालच्या गावानं त्यांच्या प्रमुखाचा दगड उभा केलाय. काय केलं होतं हो त्यानं? एक गटार! आपल्या दोकसूदादांनी बस आणली, नळ आणला. आपण काय मेलोय काय?"

दगड ठरला. खालच्या गावाच्या दगडापेक्षा एक वीत तरी उंच, हेही ठरलं. चिटणीस म्हणून प्यो सांगजुन यांना नेमलं, कारण त्यांच्या खिशाला पेन होतं.

हे प्यो सांगजुन म्हणजे निवृत्त उपमुख्याध्यापक. गाव त्यांना 'उपहेडमास्तर' म्हणे. म्हणणाऱ्यांच्या मनात आदरच असे, पण त्या 'उप'वर प्रत्येकाची जीभ अशी काही टेकायची, की प्यो मास्तरांच्या काळजात दर वेळी काटा रुतायचा. शाळेच्या भिंतीवर माजी मुख्याध्यापकांचे फोटो लागतात, उपमुख्याध्यापकांचे लागत नाहीत. पुढं ती शाळाच बंद पडली आणि तिथं मशरूमची शेती सुरू झाली. आता मशरूमच्या अंधारातही मुख्याध्यापकांचे फोटो लटकताहेत म्हणे. जन्मभर पोरांचे निबंध तपासलेल्या या माणसाचं नाव मात्र जगात कुठंच नव्हतं.

पण दगडावर एक जागा असते. पुढच्या बाजूला मजकुराखाली बारीक अक्षरांत लिहितात: 'मजकूर – अमुक अमुक.' प्यो मास्तरांनी चिटणीसपद घेतलं ते या एका ओळीसाठी. दगड पाच-सहाशे वर्षं टिकतो, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

"आपल्या दाराच्या पाटीवर आहे की तुमचं नाव," त्यांची बायको मालसुन म्हणाली.

"ती पाटी पोस्टमनसाठी असते," मास्तर म्हणाले.

"मग दगड कुणासाठी असतो?"

बायकोच्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही, हा नियम मास्तरांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच केला होता.

आता दोकसूंची संमती घ्यायची होती. आमच्या छुंगछॉंग प्रांतात हे काम सोपं नाही. इथं कुणी पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हटलं, तर तो उपाशी तरी असतो किंवा परका तरी. आणखी भात वाढू का म्हटलं की 'नको, कशाला.' पुन्हा विचारलं की 'पोट भरलंय हो.' तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, एवढं म्हणताय तर' म्हणत वाडगा पुढं. त्यामुळं मंडळ दोकसूंकडं गेलं ते तीनदा विचारायच्या तयारीनंच.

दोकसू अंगणात लसणाच्या जुड्या बांधत होते. छांगिलनं विचारलं. दोकसू म्हणाले, "नको. कशाला?"

मंडळानं समाधानानं एकमेकांकडं पाहिलं. सुरुवात व्यवस्थित झाली होती.

बोंग काकूंनी विचारलं. दोकसू म्हणाले, "मी काय मेलोय का दगड लावायला?"

प्यो मास्तरांनी तिसऱ्यांदा, योग्य ते विनम्र शब्द वापरून विचारलं. दोकसूंनी लसूण खाली ठेवला. "अहो, नको म्हणतोय ना!" असं ओरडले आणि पुन्हा एकदा, कुणी विचारलेलं नसताना, "नको!" म्हणून गुडघे धरत घरात निघून गेले.

"चौथ्यांदा," छांगिल भारावून म्हणाला. "केवढा आनंद झालाय म्हाताऱ्याला."

दुसऱ्या दिवशी मास्तर परवानगीसाठी तालुक्याच्या कचेरीत गेले. खिडकीमागं एक तरुण, अतिशय सभ्य कारकून होती. तिनं नकाशा पाहिला आणि सांगितलं, की समाजमंदिरापुढची जागा अर्धी रस्त्याची आहे आणि अर्धी ओढ्याची.

"ओढा आटून तीस वर्षं झाली," मास्तर म्हणाले.

"हो का? वाईट वाटलं ऐकून," ती म्हणाली. "पण कागदावर वाहतोय अजून. आणि सर, हे स्मारक आहे ना? स्मारकाला ज्यांचं स्मारक, त्यांच्या मृत्यूचा दाखला जोडावा लागतो."

"ते जिवंत आहेत."

"तीच अडचण आहे सर."

मास्तरांनी ही अडचण गावात येऊन सांगितली तेव्हा बोंग काकूंनी क्षणभर विचार केला आणि "थांबायचं का मग थोडं?" असं विचारलं. नुसतं विचारलं, पण त्यानंतर दोकसूंनी दोन दिवस त्यांच्याकडचं लोणचं खाल्लं नाही. शेवटी त्या सभ्य मुलीनंच वाट काढली. स्मारक न म्हणता 'शोभेचा दगड' म्हणावं, शोभेच्या दगडाला परवानगी लागत नाही. "पण त्यावर अक्षरं असतील," मास्तरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "ती मी पाहिलेली नाहीत सर," ती म्हणाली आणि खिडकी लावून जेवायला गेली.

इथवर सगळं सुखाचं होतं. खरं रामायण सुरू झालं ते मागच्या बाजूवरून. रामायण हा शब्द नुतिगोलात कुणाला ठाऊक नाही, पण झालं ते तेच. आमच्याकडं दगडाच्या पुढं ज्याचा मान त्याचं नाव असतं आणि मागं दगड उभा करणाऱ्यांची नावं. पुढं एक नाव आणि मागं अख्खं गाव. मग गावाला मागच्या बाजूत जास्त रस असला तर नवल काय?

ज्येष्ठ मंडळाचे अध्यक्ष ग्वांगसिक आजोबा शहाऐंशी वर्षांचे. त्यांचं म्हणणं, वयाच्या क्रमानं नावं घाला. छांगिल म्हणाला, "आपल्या मेंग घराण्यात वय बघत नाहीत, पिढी बघतात. पिढीनं मी तुमचा आजा लागतो." आणि ते खरंच होतं. वंशावळीप्रमाणं शहाऐंशीच्या ग्वांगसिकनं एकसष्टच्या छांगिलला 'आजोबा' म्हणायला हवं.

"तुझं ढुंगण मी धुतलंय रे!" ग्वांगसिक आजोबा गरजले.

"आजाशी असं बोलतात?" छांगिल म्हणाला.

बोंग काकूंचं म्हणणं, घराण्यात लग्न करून आलेल्या बायकांनाच या दोघांची ढुंगणं आणि जेवणं दोन्ही बघावी लागली, तेव्हा आधी बायकांची नावं यावीत. हे ऐकून दोन्ही आजोबा एक झाले, पण तेवढ्यापुरतेच.

तेव्हा प्यो मास्तर उठले. शिकलेल्या माणसानं अशा वेळी उठावं लागतं. "नावं मुळाक्षरांच्या क्रमानं घाला," ते म्हणाले. "त्यात ना वय, ना पिढी, ना मान. शाळेतही हजेरी अशीच असते." ठराव मंजूर झाला. मास्तर घरी आले तेव्हा त्यांची छाती जरा पुढंच होती.

"आपलं 'प्यो' कितवं येतं हो मुळाक्षरांत?" मालसुननं विचारलं.

आमच्या मुळाक्षरांत 'प्यो' शेवटून दुसऱ्या घरात येतं. शेवटच्या घरातलं कुणी नुतिगोलात राहत नाही. मास्तरांनी नियमाप्रमाणं उत्तर दिलं नाही. तसंही मागच्या बाजूची त्यांना फिकीर नव्हती. त्यांचा डोळा पुढच्या ओळीवर होता.

मजकूर त्यांनी जीव ओतून लिहिला होता. त्यात डोंगर होते, चंद्र होता, दोन हजार वर्षांपूर्वीचा एक चिनी राजा होता. पण सोलला, पुसानला गेलेली पोरं वर्गणी पाठवू लागली आणि मागची यादी पुढं सरकू लागली. जागा पुरेना, तेव्हा नावं दगडाच्या कुशीवर आली, कुशीवरून पुढं डोकावू लागली. आधी चंद्र गेला. मग राजा गेला. डोंगरांसाठी मास्तरांनी मंडळाशी बराच वाद घातला, पण ग्वांगसिक आजोबांचे तीन जावई डोंगरांच्या जागी बसले. सरतेशेवटी मजकूर उरला तीन ओळींचा. दगड दोनदा बदलून मोठा घेतला तेव्हा नावं कशीबशी पुन्हा मागं मावली, पण गेलेला मजकूर काही परत आला नाही.

दगड घडवणारा सोक नावाचा माणूस पुसानकडचा होता, म्हणजे तोंडावर बोलणारा. एका दुपारी त्याचा फोन आला.

"मास्तर, मागं एक नाव बसत नाही. शेवटचं. प्यो सांगजुन. कोण आहे हा?"

मास्तरांनी एक श्वास घेतला. समोर मालसुन कोबी चिरत होती. मोठेपणा दाखवायला माणसाला असा प्रसंग जन्मात एकदा मिळतो. "तो मीच," ते म्हणाले. "काढून टाका. माझं काय एवढं!"

"बरं. आणि पुढं मजकुराखाली लिहिणाऱ्याचं नाव घालायचं का?"

आता पाहा. याच प्रश्नाची ते तीन महिने वाट पाहत होते. पण नुकताच दाखवलेला मोठेपणा अजून अंगात होता आणि जन्मभराची सवय जिभेवर. तोंडातून आपोआप निघालं, "छे छे, कशाला?"

"बरं," सोक म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मास्तर फोन कानाशी धरून उभे राहिले. दुसऱ्यांदा विचारणं आलं नाही. कदाचित फोन कट झाला असेल, तो पुन्हा करेल, असं समजून ते तिथंच बसले. संध्याकाळपर्यंत बसले. मध्ये एकदा फोन वाजला तर तो विमा विकणाऱ्या बाईचा होता. तिनं मात्र त्यांना पाच वेळा विचारलं.

"तुम्हीच करा की फोन," मालसुन म्हणाली.

"मी? मी फोन करून सांगू, की माझं नाव घाला?"

"हवंय ना तुम्हाला?"

"हवंय म्हणून काय झालं? असं सांगतात का कुठं?"

दुसऱ्या दिवशी ते 'सहज' सोकच्या वखारीत गेले. सोकच्या तोंडावर धूळ, हातात कापायचं यंत्र. मास्तर हवामानावर बोलले, दगडाच्या रंगावर बोलले, जगात लिहिणाऱ्यांची कशी कदर होत नाही यावरही बरंच बोलले. सोकनं यंत्र बंद केलं. "काही बदल करायचाय का?"

"नाही नाही," मास्तर म्हणाले. "सगळं छान आहे."

सोकनं यंत्र सुरू केलं. पुसानच्या लोकांना कुणी चांगल्या रीती शिकवल्याच नाहीत, असं येताना बसमध्ये मास्तरांना वाटलं. बस दोकसूंनी आणलेली असल्यामुळं त्यांना तीही आवडली नाही.

दगड आणायच्या दिवशी कळलं, की तो नुतिगोलच्या पुलाला पेलवणार नाही. मागची नावं वाढत गेली आणि दगड हत्तीएवढा झाला. मग तो खालच्या गावातून वळसा घालून, पांढऱ्या कापडात गुंडाळून, ट्रकवरून हळूहळू आला. खालच्या गावचे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहिले. पुढं बसलेल्या छांगिलला कुणीतरी विचारलं, "कुणाचा?" छांगिल अभिमानानं म्हणाला, "आमच्या दोकसूदादांचा!" पांढरं कापड आणि हळू चाललेला ट्रक पाहून लोकांनी टोप्या काढल्या.

तासाभरात दोकसूंच्या घरचा फोन वाजू लागला. फोन दोकसूच घेत होते. पलीकडून एक बाई रडत म्हणाली, "फार भला माणूस होता हो." दोकसू म्हणाले, "कसला भला! गुडघेदुखीनं बेजार आहे." तिकडं किंकाळी आणि फोन बंद. संध्याकाळी समाजमंदिराच्या दारात शोकाची दोन पुष्पचक्रं येऊन पडली. बोंग काकूंनी त्यांच्या काळ्या पट्ट्या काढून लाल लावल्या, कारण फुलं चांगली ताजी होती.

समारंभाचा दिवस उजाडला. मोठ्या पातेल्यात डुकराचं मांस शिजत होतं, तांदळाचे वाफवलेले लाडू होते, माकगोलीनं, म्हणजे तांदळाच्या दारूनं, भरलेल्या किटल्या रांगेत होत्या. शहरातली पोरं गाड्या घेऊन आली होती. दोकसूंना कुणाचा तरी कोट घातला होता. भाषणं सुरू झाली. छांगिलनं शेवटी जाहीर केलं, "नवा माणूस अजून मिळालेला नाही. तेव्हा दोकसूदादाच तूर्त काम बघतील. दगड लागल्यावर आता दादा आपल्याला सोडून जातील कसे?" टाळ्यांचा कडकडाट झाला. दोकसू "नको, नको" म्हणत हात हलवत होते, ते पाहून तो आणखी वाढला.

मग दोरी ओढली. कापड सुटलं आणि नेमकं दोकसूंच्या डोक्यावर पडलं. ते सोडवायला कुणीतरी धावेल असं प्यो मास्तरांना वाटलं. पण त्याच क्षणी अख्खं गाव दगडाच्या मागं धावलं. ग्वांगसिक आजोबा काठी टाकून धावले. सुना, जावई, सोलची पोरं, बोंग काकू, सगळे. मागून आवाज येऊ लागले. "हे बघ, हे माझं!" "आईचं कुठाय?" "जरा सरक, फोटो येऊ दे."

पुढं कुणीच उरलं नाही. प्यो मास्तरांना मागं जायचं कारण नव्हतं, म्हणून ते तेवढे उरले. त्यांनी जाऊन दोकसूंच्या अंगावरचं कापड काढलं. म्हाताऱ्याचे केस विस्कटले होते.

दोघंही दगडापुढं उभे राहिले.

"काय लिहिलंय, वाचा जरा," दोकसू म्हणाले. "चष्मा घरी राहिला." चष्मा त्यांच्या कोटाच्या खिशातून डोकावत होता.

मास्तरांनी वाचलं. "मेंग दोकसू. बस आणली. नळ आणला. गावातलं भांडण कधी दुसऱ्या दिवसावर जाऊ दिलं नाही."

दोकसूंनी कोट खाली ओढून नीट केला. मग म्हणाले, "बस सरकारनं आणली."

"तुम्ही कचेरीच्या दारात आडवे झालात, म्हणून आणली."

"हं." त्यांनी बाहीनं नाक पुसलं. "पुन्हा वाचा."

मास्तरांनी पुन्हा वाचलं. चंद्र आणि राजा गेल्याचं दुःख त्यांना या वेळी झालं नाही.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"नाव नाही दिसत."

"दगडवाल्यानं विचारलं होतं. मी नको म्हणालो."

"कितीदा विचारलं?"

"एकदा."

"अरेरे," दोकसू म्हणाले. त्या दिवशी झालेल्या सगळ्या भाषणांत मनापासून उच्चारलेला शब्द हा एकच होता. "मी तर चारदा नको म्हणालो. आता मिरचीच्या शेतात जाता-येता स्वतःच्या थडग्याला नमस्कार करायचा." मग त्यांनी मास्तरांच्या तोंडाकडं पाहिलं. "खरं सांगा मास्तर. हवं होतं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. सवयीप्रमाणं 'छे छे' ओठांवर आलंही होतं. पण मागं एवढा गलका चालला होता, की पुढचं कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

"हवं होतं," ते म्हणाले. "फार हवं होतं हो."

दोकसूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.  म्हणाले, "चला माझ्याकडं. एक वाडगा माकगोली घेऊ."

"चला," मास्तर म्हणाले.

दोकसू दचकले. "लगेच?"

"लगेच."

"अहो मास्तर, घरात काहीच नाहीये. मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं."

मागून मालसुनच्या हसण्याचा आवाज आला. आमच्याकडं बायका माहेरचंच आडनाव लावतात आणि तिचं 'म'मध्ये येत असल्यामुळं ते यादीत सुखरूप बसलं होतं.

"मग माझ्याकडं चला," मास्तर म्हणाले.

"नको, कशाला," असं म्हणत म्हणत दोकसू त्यांच्या घराच्या वाटेला लागलेही होते.